गोव्यात गावाच्या इतिहासावर इंटर्नशिप: पहिल्या अर्जापासून गावाला प्रत देईपर्यंत

परीक्षा जवळ आल्या की धाकट्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. इतिहासाची इंटर्नशिप कुठे मिळेल, पत्र कोणाच्या नावे लिहायचं, मोडी आलंच पाहिजे का, गावात कोणाला भेटायचं. मी एम.ए.च्या सुट्टीत सत्तरी तालुक्यातल्या एका गावावर असं काम केलं आणि तेव्हापासून याच प्रश्नांची उत्तरं देत आले आहे. ती इथे एकत्र लिहिते. पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असाल, एम.ए. करत असाल, वास्तुकला किंवा मराठी-कोंकणीचे विद्यार्थी असाल, तरी उपयोग होईल.

हे मनापासून लिहिण्याचं कारण एकच. गोव्यात जुने कागद भरपूर आहेत आणि माणसांच्या आठवणीही भरपूर आहेत, पण दोन्हींची गाठ क्वचित पडते. पणजीत कागद वाचणारा गावात जात नाही. गावातल्या माणसाला आपल्या बांधाचा जमाखर्च पणजीच्या कपाटात आहे हे ठाऊक नसतं. सुट्टीतले दीड-दोन महिने हातात असलेला विद्यार्थी ही गाठ घालू शकतो. संग्रहालयाचे फोटो काढून केलेल्या सादरीकरणात तास भरतात, पण ही संधी हातची जाते.

१. आधी गाव आणि प्रश्न, मग संस्था

बहुतेक जण आधी संस्था शोधतात आणि तिथे जाऊन "काहीही द्या, करतो" म्हणतात. मग जे पडलेलं असतं ते काम मिळतं. आधी प्रश्न घेऊन जा. प्रश्न लहान हवा, एका गावाचा हवा, आणि त्याचं थोडं उत्तर कागदात आणि थोडं माणसांकडे असायला हवं. "गोव्याचा वारसा" हा विषय होत नाही. "आमच्या गावाचा इतिहास" हाही दोन महिन्यांत पेलत नाही.

पेलतील असे काही प्रश्न सांगते.

चोडण, दिवाडी, कुडतरी अशा गावांत खाजन शेती आहे: खाडीचं खारं पाणी अडवणारे बांध, आणि भरती-ओहोटीला पाणी आतबाहेर सोडणारी मानस. पूर्वी बांधांची डागडुजी गावकारी, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणारी कोमुनिदाद ही संस्था करत असे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. आधी खर्च कुठून यायचा, माणसं कशी जमायची, मानशीतल्या मासळीचा लिलाव कोण करायचं, आणि नंतर काय बदललं? कागद कोमुनिदादीच्या वह्यांत आहेत, आणि चिखल खांद्यावरून वाहिलेली माणसं अजून गावात आहेत.

दुसरा विषय जनमत कौल: गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की वेगळा राहावा. मतदान झालं १६ जानेवारी १९६७ ला. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. म्हणजे त्या दिवशी मत दिलेलं सर्वांत तरुण माणूसही आज ऐंशीच्या घरात आहे. हा प्रश्न पुढच्या बॅचवर ढकलण्यासारखा नाही. मात्र "दोन पानं" (वेगळं राहण्याची खूण) आणि "फूल" (विलीनीकरणाची खूण) या दोन्ही बाजूंच्या घरांत गेलात तरच तो घ्या. मराठी घरांत वाढलेल्या आपल्यासारख्यांना यातली एकच बाजू ऐकण्याची सवय असते.

याशिवाय गावातलं मराठी वाचनालय आणि त्याची देवघेव वही, मुक्तीपूर्वीची खासगी मराठी शाळा, पूल होण्याआधीची तर (माणसं पलीकडे नेणारी होडी), खाणींच्या काळातले बार्जवरचे कामगार, एखाद्या वाड्यावरचा धालोचा मांड, म्हणजे बायकांच्या नाच-गाण्यांची जागा. आपल्या आजीला ज्या विषयावर अर्धा तास बोलता येतं, तो बहुतेक वेळा चांगला विषय असतो.

गाव ठरवताना एक गोष्ट आधी पाहा: ते जुन्या काबिजादीत (पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या मुलुखात) येतं की नव्या. तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगिजांकडे गेली, बारदेश आणि सासष्टी १५४३ मध्ये. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण हा भाग अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण १७६३ ते १७८८ या काळात त्यांच्या ताब्यात आला. मधली दोन-अडीचशे वर्षं या दोन भागांचे कागद वेगळ्या हातांनी, वेगळ्या भाषांत लिहिले गेले. सासष्टीच्या गावाला चर्चच्या नोंदी आणि कोमुनिदादीच्या वह्या खूप मागे नेतात. सत्तरी-पेडण्यात मोडी कागद, देवस्थानाचे हिशोब, राणे-देसायांची दप्तरं अशा वाटेने जावं लागतं. प्रश्न तोच ठेवून गाव बदललं, तर जायचं कार्यालयही बदलतं.

२. कोणत्या दारात जायचं

इंटर्न घेणं हे प्रत्येक संस्थेत त्या वर्षी मार्गदर्शक मोकळा आहे का यावर ठरतं. म्हणून दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी विचारा. कुठे काय मिळतं ते असं:

• गोव्याचं पुराभिलेख खातं, पणजी. १५९५ मध्ये दियोगु दु कोतु यांची दप्तरदार म्हणून नेमणूक झाली, तिथपासून या दप्तराची परंपरा सांगतात. जुन्या कागदांवर काम असेल तर हेच पहिलं दार.

• कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय, पाटो, पणजी. १८३२ पासूनचं. जुनी वर्तमानपत्रं, सरकारी राजपत्रं, दुर्मीळ पुस्तकं.

• गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय, ताळगाव पठार. इथे पांडुरंग पिसुर्लेकरांचा संग्रह आहे.

• झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च, आल्त पर्वरी. जेजुइटांनी १९७९ मध्ये सुरू केलेली संशोधन संस्था. शांत, आणि नवख्यालाही आपलं वाटेल असं ग्रंथालय.

• संग्रहालयं: राज्य संग्रहालय, जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व संग्रहालय, सांता मोनिकातलं ख्रिस्ती कला संग्रहालय, बाणावलीचं गोवा चित्रा. वस्तू, मांडणी, शाळकरी मुलांसाठी उपक्रम यांत रस असेल तर.

• वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी चार्ल्स कोरिया फाउंडेशन, पणजी, आणि घरं-वाडे वाचवण्यासाठी काम करणारा गोवा हेरिटेज अॅक्शन ग्रुप.

इथे एक ठरलेला गोंधळ होतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण हे केंद्राचं, आणि राज्याचं पुरातत्त्व खातं त्याहून वेगळं. तांबडी सुर्ल्याचं महादेव मंदिर आणि जुन्या गोव्यातली मोठी चर्चेस केंद्राकडे आहेत. नार्व्याचं सप्तकोटेश्वर मंदिर राज्याकडे. आपली वास्तू कोणाच्या यादीत आहे हे पत्र लिहिण्याआधी तिथल्या निळ्या फलकावर वाचून घ्या. चुकीच्या कार्यालयात गेलेलं पत्र परत यायला पंधरा दिवस सहज जातात, आणि सुट्टीतले तेवढे दिवस फुकट जातात.

एप्रिल-मेसाठी अर्ज जानेवारीत टाका. मानधन बहुतेक ठिकाणी नसतं. येण्याजाण्याचा खर्च मिळेल का, हे पहिल्याच भेटीत विचारावं. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. वाळपई किंवा काणकोणहून रोज पणजीला येणाऱ्या मुलाला कदंब बसचा पास आणि दुपारचं जेवण हा खरा खर्च असतो.

३. बरोबर काय लागतं

अर्जासाठी:

• महाविद्यालयाचं पत्र, लेटरहेडवर, विभागप्रमुख किंवा प्राचार्यांच्या सहीचं. त्यात विषय, गाव आणि तारखा स्पष्ट हव्यात. नुसतं "संशोधनासाठी सहकार्य करावे" असं पत्र अनेक ठिकाणी पुढे सरकत नाही. या पत्राच्या पाच-सहा मूळ सह्यांच्या प्रती घ्या. पंचायत, देवस्थान, चर्च, कोमुनिदाद सगळीकडे एकेक द्यावी लागते.

• तुमचा एक पानी आराखडा: प्रश्न काय, कुठले कागद पाहायचे आहेत, कोणाशी बोलायचं आहे, शेवटी काय तयार होणार.

• ओळखपत्राच्या आणि महाविद्यालयाच्या ओळखपत्राच्या प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो.

• काही संस्था महाविद्यालयाशी सामंजस्य करार मागतात. ते तुमच्या हातात नाही, म्हणून आधीच विचारून महाविद्यालयाला कळवा.

• तासांची नोंदवही. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात इंटर्नशिपला साधारण २ ते ४ श्रेयांक असतात आणि ४ श्रेयांकांना १२० तास धरतात. तुमच्या महाविद्यालयाचं परिपत्रक वाचा. दर शुक्रवारी मार्गदर्शकाची सही घ्या. शेवटी एकदम सह्या मागायला गेलं की मार्गदर्शक रजेवर असतात.

कामासाठी: शिसपेन्सिली, कोरी वही, मोजपट्टी, मीटर टेप, आवाज नीट टिपणारा फोन, पॉवर बँक, आणि दोन वेगवेगळ्या ठिकाणी फाइली ठेवण्याची सोय. छापील संमतीपत्रं. मे संपता संपता छत्री.

४. कागदाला हात लावण्याआधी

पहिला आठवडा पाटोच्या ग्रंथालयात घालवा. १९७९ चं गॅझेटियर, वि. त्र्यं. गुणे यांनी संपादित केलेलं, आधी चाळा. त्यात आपल्या तालुक्याचा सांगाडा मिळतो. मग आपल्या गावावर आधी कोणी काय लिहिलंय ते बघा: गावच्या शाळेचे रौप्यमहोत्सवी अंक, देवस्थानाच्या स्मरणिका, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या. स्मरणिकांना कमी लेखू नका. गावच्या जुन्या मास्तरांनी लिहिलेल्या लेखात जी नावं आणि सालं असतात, ती पुढे अभिलेखागारात मागणीपत्र भरताना उपयोगी पडतात.

याच आठवड्यात गावाच्या नावाच्या सगळ्या लेखनपद्धतींची यादी करा. पोर्तुगीज कागदांत साखळी 'सांकेलिं' होते, डिचोली 'बिशोलिं', केळशी 'केलोसिं', मयडे 'मोयरा', हळदोणे 'आल्दोना'. रोमन लिपीत ही नावं कशी लिहितात ते वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा. एकाच दशकातही अक्षरं बदलतात. सूचीत एकच रूप शोधून "आमच्या गावाचं काही नाही" म्हणून परतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि गावाचे कागद दोन ओळी खाली दुसऱ्या रूपात होते.

५. अभिलेखागारात

वाचनकक्षाचे नियम साधे आहेत. पिशवी बाहेर, पेन बाहेर, आत फक्त पेन्सिल. मागणीपत्र भरायचं, बस्ता (कागदांचं गाठोडं) येतो, एका वेळी एकच उघडायचा. फोटो हवा असेल तर परवानगी आणि शुल्क. न विचारता फोन वर करू नका. तुमच्यामुळे पुढच्या विद्यार्थ्याचा फोनही बाहेर ठेवला जातो. पानं थुंकी लावून उलटायची नाहीत, पानावर आपली वही ठेवून वर हात टेकायचा नाही. कीड लागलेलं पान उलटत नसेल तर कर्मचाऱ्याला बोलवा.

इथला संग्रह प्रचंड आहे. मोसमी जहाजांबरोबर लिस्बनशी झालेला पत्रव्यवहार, शेजारच्या राजांना लिहिलेली पत्रं, कोमुनिदादींच्या वह्या, जमिनींची दप्तरं. याच दप्तरखान्यात सत्तरीतल्या पिसुर्लेच्या पांडुरंग पिसुर्लेकरांनी (१८९४–१९६९) आयुष्य घातलं. पोर्तुगीज आणि मराठे यांच्या संबंधांबद्दल आज आपण जे वाचतो, त्यातलं बरंच त्यांनी या कपाटांतून बाहेर काढलं. त्यांनी केलेली दप्तरांची वर्णनात्मक सूची नवख्याला आजही वाट दाखवते. ती आधी मागा.

भाषेची भीती अनेकांना मागे खेचते, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर.

पोर्तुगीज येत नसेल तर एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या छापील किंवा टंकलिखित कागदांपासून सुरुवात करा. सरकारी राजपत्र छापील आहे, ते १८३७ पासून चालू आहे, आणि त्यात गावोगावच्या नेमणुका, लिलाव, शाळा, देवस्थानं यांच्या सूचना सापडतात. वीस-पंचवीस शब्द पाठ केले तर काय चाललंय ते कळू लागतं: आल्देया म्हणजे गाव, फोरु म्हणजे वार्षिक खंड, आफोरामेंतु म्हणजे कायमच्या खंडाने दिलेली जमीन, मात्रीझ म्हणजे कराची नोंद, प्रेदियु म्हणजे मालमत्ता, आक्ता म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, एस्क्रिवांव म्हणजे कारकून, अल्वारा म्हणजे सनद. गावातल्या वडीलधाऱ्यांना यातले निम्मे शब्द बोलण्यातून माहीत असतात. भाषांतराचं अॅप आशय कळण्यापुरतं वापरा. माणसांची आणि वाड्यांची नावं ते हमखास बिघडवतं, म्हणून अहवालात जाणारं प्रत्येक वाक्य पोर्तुगीज जाणणाऱ्याकडून तपासून घ्या. शिकायचं असेल तर विद्यापीठात आणि पणजीतल्या कामोंइश संस्थेत अभ्यासक्रम आहेत.

मोडी मात्र मराठी विद्यार्थ्याने शिकावीच. भाषा आपली आहे, अडतं ते फक्त अक्षरावर. रोज तासभर एकाच हस्ताक्षराचं पान उतरवत राहिलं की डोळा बसतो. वेगवेगळ्या कारकुनांची पानं एकाच वेळी घेतली तर मात्र काहीच हाती लागत नाही. फार जुन्या काही कागदांत गोंयकानडी ही गोव्यातली जुनी लिपी भेटेल. ती ओळखता आली आणि तशी नोंद केली तरी इंटर्नला पुरेसं आहे.

आता या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना. प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर पाच गोष्टी लिहा: संस्था, मालिका, ग्रंथ किंवा बस्ता क्रमांक, पान, तारीख. जुन्या वह्यांत क्रमांक पानाच्या एकाच बाजूला असतो, म्हणून 'पान ४५ पुढील बाजू' की 'पान ४५ मागील बाजू' हेही लिहा. फोटो काढलात तर पहिला फोटो ग्रंथाच्या कण्याचा किंवा लेबलचा. हे केलं नाही तर तुम्ही शोधलेली उत्तम गोष्टही दुसऱ्या कोणाला पुन्हा सापडणार नाही, आणि मग ती ऐकीव गोष्टीच्या रांगेत जाऊन बसते.

६. गावात

कागद थोडे हातात आल्यावरच गावात जा. "काका, १९३८ च्या वहीत मानशीच्या लिलावात अमुक नाव आहे, ते तुमच्या घरातले का?" असं विचारलं की पुढचा तास तुम्हाला प्रश्नच विचारावे लागत नाहीत.

पहिल्या दिवशी भेटायची माणसं: पंचायतीचे सरपंच किंवा सचिव, देवस्थान समितीचे अध्यक्ष, चर्च असेल तर फादर, कोमुनिदाद असेल तर तिचे अध्यक्ष आणि एस्क्रिवांव. चौघांनाही पत्र द्या, जरी तुमचं काम एकाकडेच असलं तरी. गोव्याच्या गावात कोणाला आधी भेटलात हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि ज्याला भेटला नाहीत त्याचं दार मग जड होतं. देवस्थानांचा कारभार महाजनांच्या (देवस्थानाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या) नियमांनी चालतो आणि मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक असतात. म्हणून वाद असलेल्या देवस्थानाच्या वह्या मागण्याआधी मार्गदर्शकांशी बोला. गाभाऱ्याचा फोटो मागू नका. जत्रा, शिगमो, चवथ या दिवसांत मुलाखतीला जाऊ नका. उत्सव बघायला जरूर जा, पण वही पिशवीत ठेवून.

मुलाखतीसाठी काही नियम मी पाळते. शक्यतो माणसाच्या घरी, बाल्कांवावर किंवा पडवीत, त्यांना सोयीच्या वेळी. सत्तरी-पेडण्यात काका, मावशी, आजी. ख्रिस्ती घरांत अंकल-आंटी किंवा बाब-बाय. कोंकणी बोलतात तिथे कोंकणीतच बोला. अहवाल मराठीत लिहिणार असलात तरी त्यांचे शब्द आहेत तसे उतरवा. सुरुवात मोठ्या प्रश्नाने करू नका. घरातली एखादी वस्तू, जुना फोटो, शेताचं नाव यापासून करा. "तेव्हा परिस्थिती कशी होती?" याला उत्तर मिळतं "कठीण होती". "पावसात शाळेला कुठल्या वाटेने जायचात?" याला मिळते ती वाट, ओहोळ, तर ओढणारा, त्याची मजुरी आणि त्या साली वाहून गेलेला साकव.

बायकांशी स्वतंत्रपणे बोला. घरात पुरुष बसलेले असले की आजी "तेंकां विचार" म्हणून आत जातात. धालो, फुगडी, लावणीची गाणी, कुळागरातली कामं, बाळंतपणं, मिठागरांवरची मजुरी ही माहिती त्यांच्याकडेच असते, आणि ती कुठल्याही वहीत नाही. हाच भाग गोव्याच्या इतिहासातून सर्वांत जलद नाहीसा होतो आहे. तुमच्या यादीत निम्म्या मुलाखती बायकांच्या असाव्यात असं मला वाटतं.

संमतीपत्रावर सोप्या मराठी-कोंकणीत चार गोष्टी: आवाज ध्वनिमुद्रित करू का, नाव लिहू का, फोटो वापरू का, ध्वनिफीत संस्थेत ठेवू का. प्रत्येकाला वेगळा होकार-नकार. नंतर त्यांनी "तेवढा भाग काढ" म्हटलं तर तो काढायचा, कारण विचारायचं नाही.

सापळे तीन. पहिला जमीन. वही घेऊन घरं मोजणारा मुलगा दिसला की लोकांना सर्व्हेची आठवण होते. भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीत घर करून राहणारा) यांचे वाद, कुळांचे खटले घरोघर आहेत. तुम्ही कोण, कशासाठी आलात हे पहिल्याच वाक्यात सांगा, आणि एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा किंवा मालमत्तेचे कागद कोणाकडे मागू नका. आपण होऊन दाखवले तरी फोटो काढू नका.

दुसरा जात आणि मान. पालखीला कोणाचा खांदा, कौल कोणाला आधी, कुठल्या वाड्याला कुठपर्यंत प्रवेश. एकाच घराचं ऐकून लिहिलेलं पान छापलं गेलं की गावात भांडण होतं. असं काही नोंदवायचंच असेल तर सगळ्या वाड्यांवर जा, आणि ज्यांना बाहेर ठेवलं गेलं त्यांच्याकडे आधी जा.

तिसरा धर्मांतर. पोर्तुगीज राजवटीतल्या धर्मांतराच्या काळात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, कुठ्ठाळचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला, असे देव नदीपार गेले. गावात राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचं आणि देवाबरोबर गेलेल्या हिंदू कुटुंबांचं नातं अनेक ठिकाणी अजून आठवणीत आहे. याबद्दल लोक हळुवारपणे बोलतात. तुम्हीही तसंच विचारा. घरी ऐकलेली मतं तिथे मांडू नका.

७. काय उचलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही

शेतात सापडलेलं खापर, नाणं, कोरीव दगड जागेवरच ठेवा. जागेसह फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा, आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हललेली वस्तू अर्धी मुकी होते. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरचं महत्त्वाचं हस्तलिखित पुरावस्तू ठरतं. प्रेमाने कोणी "ही पोथी तू ने, आमच्याकडे वाळवी खाईल" म्हणाले तरी नेऊ नका. संस्थेला त्यांच्या घरी आणा. आणि पोथीला लॅमिनेशन किंवा सेलोटेप लावू देऊ नका, हे मात्र आग्रहाने सांगा.

शिलालेखावर खडू, पीठ, तेल काही घासायचं नाही. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर तिरप्या उजेडात फोटो काढला तर झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. कुशावतीच्या काठच्या उसगाळीमळच्या कातळशिल्पांवर आकृती स्पष्ट दिसावी म्हणून पूर्वी लोक खडू ओढत. त्या रेषांनी मूळ खोदकामाचा अंदाज चुकतो.

८. मिळालेलं तपासणं

टिपणांचे तीन भाग करा: कागदात आहे ते, कोणी सांगितलं ते, आणि तुमचा तर्क. अहवालातही हे वेगळं दिसू द्या.

नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला, हे मंदिरावरच्या लेखात आहे. "महाराज आमच्या घाटातून गेले आणि या झाडाखाली थांबले" हे मात्र गावाचं सांगणं. ते फेकून द्यायचं नाही. कोणी सांगितलं, त्यांनी कोणाकडून ऐकलं, गावात त्या झाडाला काय मान आहे हे सगळं लिहा. ती आठवण गावाच्या आजच्या मनाबद्दल सांगते, १६६८ बद्दल नव्हे.

गोव्यात दोन विशेषणं फार सहज लागतात: 'कदंबकालीन' आणि 'पोर्तुगीजकालीन'. प्रत्येक जुना दगड कदंबांचा नसतो, त्यासाठी लेख किंवा शैलीचा आधार लागतो. आणि साडेचारशे वर्षांच्या राजवटीत 'पोर्तुगीजकालीन घर' म्हणजे कुठलं दशक? आज दिसणारी अनेक मोठी घरं एकोणिसाव्या-विसाव्या शतकात बांधलेली किंवा वाढवलेली आहेत. बहुतेकदा ती गोव्याच्या गवंड्यांनी, गोव्याच्या जांभ्या दगडात, गोव्याच्या कुटुंबांसाठी बांधली. दशक कळलं तर दशक लिहा, बांधणाऱ्या मेस्ताचं नाव मिळालं तर ते नक्की लिहा.

९. अहवाल, प्रदर्शन, प्रती

महाविद्यालयाला हवा तो अहवाल त्यांच्या नमुन्यात द्या. तो लवकर होतो. खरा वेळ गावासाठीच्या रूपावर घाला: पंचायतीच्या सभागृहात किंवा शाळेत दहा-बारा फलकांचं प्रदर्शन, सोळा पानांची पुस्तिका, किंवा गावातल्याच मुलांबरोबर केलेली वारसा फेरी. भाषा गावाची ठेवा. फलक लावण्याआधी मुलाखत दिलेल्यांना त्यांचा मजकूर वाचून दाखवा. चष्मा नसलेल्या आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. त्या वाचनात इतक्या दुरुस्त्या आणि नव्या आठवणी मिळतात की त्यासाठी एक आठवडा राखून ठेवावा.

कोणी काय सांगितलं याचं श्रेय नावानिशी द्या, जिथे संमती आहे तिथे. तुमच्या आधी त्या गावावर लिहिलेल्या मास्तरांचं नावही त्यात यायला हवं.

प्रती अशा द्या: एक महाविद्यालयाला, एक संस्थेला, एक पाटोच्या ग्रंथालयाला, एक गावच्या वाचनालयाला किंवा शाळेला, आणि मुलाखत दिलेल्या प्रत्येक घरी एक, त्यांचा फोटो छापून. ध्वनिफिती संस्थेकडे देताना सही केलेली संमतीपत्रं आणि एक यादी जोडा: फाइलीचं नाव, बोलणाऱ्याचं नाव, गाव, तारीख, भाषा, आणि कुठला भाग खुला नाही. फाइलींना 'मुलाखत नवीन शेवटची' अशी नावं देऊ नका. साल, महिना, दिवस, गाव, आडनाव या क्रमाने द्या.

प्रमाणपत्र शेवटच्या दिवशीच मागून घ्या. त्यावर तास, विषय आणि तारखा महाविद्यालयाच्या पत्राशी जुळतात का ते तिथेच तपासा. जूनमध्ये सरकारी खात्यांत बदल्या होतात, आणि नव्या अधिकाऱ्याने तुमचं काम पाहिलेलं नसतं.